कमानीवरचं शीट उतरवल्याशिवाय नकाशा काढू नका

प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात आमचं कापडाचं दुकान आहे. दुमजली इमारत आजोबांनी विकत घेतलेली. खाली ओळीने पाच कमानी, त्यातल्या तीन आमच्या, दोन शेजाऱ्यांच्या. वडिलांनी वीसेक वर्षांपूर्वी कमानींवर एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकचा पत्रा) मारून घेतलं आणि लोखंडी शटर बसवलं. आता शीट सुटायला लागलंय, शटर गंजलंय. मधले दोन खांब काढून, गर्डर टाकून पूर्ण काचेचं शोरूम करायचा विचार होता. परवानगीला गेलो तेव्हा कळलं की इमारत महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे. ‘दर्शनी भाग मूळ स्वरूपाशी सुसंगत करावा’ असा शेरा मारून नकाशा परत आला. आता आमच्या आर्किटेक्टने फायबरच्या महिरपी आणि जाळ्या लावून ‘जुना लूक’ दिलाय. हे चालेल का? खांब काढता येतील का? मुळात दुकान कसं दिसायचं याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे, ‘शीट सुटायला लागलंय’. ते आधी पूर्ण उतरवून घ्या. नवा नकाशा, जुना नकाशा, फायबर, काच, हे सगळं त्यानंतर. शीटमागे काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, तुमच्या आर्किटेक्टला नाही आणि नकाशा तपासणाऱ्या महापालिकेच्या वारसा समितीलाही नाही. न बघितलेल्या गोष्टीशी सुसंगत काय, हे कोण कसं ठरवणार?

मराठवाड्यातल्या जुन्या बाजारपेठांमध्ये मी पंचवीसएक वर्षं जुन्या दुकानांच्या संवर्धनाचं काम करतोय. पत्र्यामागे, प्लायवूडमागे, शीटमागे निम्म्याहून जास्त जुना भाग शाबूत सापडतो, हा माझा अनुभव. कारण साधं आहे. शीट लावणाऱ्याला घाई असते. तो तोडत बसत नाही, पुढे चौकट ठोकतो आणि झाकून मोकळा होतो. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकानाचं काम होतं. मालक म्हणाले, जुनं काही राहिलं नाही. शीट उतरवल्यावर उंबऱ्याच्या दगडात आणि वरच्या तुळईत समोरासमोर खाच दिसली. म्हणजे पूर्वी तिथे सरकवून बसवायच्या फळ्या होत्या. दोन दिवसांनी सुतार माळ्यावर चढला आणि त्याने खाली हाक मारली. माळ्याची पाटई म्हणून ज्या फळ्या टाकल्या होत्या, त्याच दुकानाच्या. प्रत्येकीच्या पाठीवर कोरलेला आकडा, एकपासून अकरापर्यंत. चार नंबरची तेवढी गायब होती. ती एकच नवीन केली.

म्हणून शीट उतरवताना गुत्तेदाराला मोकळं सोडू नका. पहार लावून ओढलं की चौकटीचे खिळे चुन्याचा गिलावा घेऊन खाली येतात. एकेक स्क्रू काढायला लावा. एका कमानीपासून सुरुवात करा, रोज फोटो काढा, आणि काय करताय हे महापालिकेच्या नगररचना विभागाला आधी लेखी कळवा. परवानगीशिवाय काम सुरू केलं असा गैरसमज होऊन प्रकरण अडकायला नको.

उघडल्यावर काय बघायचं, ते सांगतो. ओट्याची मूळ कड कुठपर्यंत होती. उंबऱ्यात खाच आहे की दाराच्या बिजागरीचं भोक. कमानीच्या खांद्यावर लोखंडी कड्या आहेत का. उन्हाळ्यात कापडी छत ताणायला त्या असत. कमानीच्या कडेने चुन्यातलं नक्षीकाम आहे का, की साधी गोल पट्टी. रंगाचे थर किती. ब्लेडने नाण्याएवढी जागा खरवडली की तळाचा पहिला रंग दिसतो. कमानीच्या वर एखादी रंगवलेली जुनी पाटीही सापडू शकते. निजामाच्या काळातली असेल तर उर्दूतसुद्धा असेल. ती सापडली तर पुसू नका, रंगवू तर अजिबात नका.

जुना फोटो नाही म्हणता, पण तुम्ही दुकानाचा फोटो शोधला असणार. दुकानासमोरून गेलेल्या वरातीचा शोधा. गणपतीच्या मिरवणुकीचा शोधा. समोरच्या दुकानदाराच्या मुलाच्या मुंजीचा शोधा. लोक माणसांचे फोटो काढतात, इमारती मागे आपोआप येतात. जुन्या बिलबुकांवर, लेटरहेडवर कधीकधी दुकानाचं चित्र छापलेलं असतं. आणि खरेदीखत काढा. ते उर्दूत असेल आणि त्यावर १३३५ सारखं साल दिसलं तर गोंधळू नका, ते फसली, म्हणजे महसुली साल. हैदराबाद संस्थानातल्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३३५ फसली हे १९२५-२६. खतात चतुःसीमेबरोबर कधी ‘इतक्या कमानींचं दुकान’, ‘माळवदाचं छत’ (म्हणजे मातीचं सपाट छत) असंही लिहिलेलं सापडतं. मी एका प्रकरणात एवढ्या एका ओळीवर समितीला पटवू शकलो होतो.

आता ‘सुसंगत’ या शब्दाकडे येतो. लोक त्याचा अर्थ ‘जुन्यासारखं दिसणारं’ असा घेतात आणि तिथेच घसरतात. संवर्धनाच्या कामात क्रम ठरलेला आहे. जे आहे ते राखायचं. जे मोडलंय ते दुरुस्त करायचं. जे दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय ते त्याच मापाचं, शक्यतो त्याच मालाचं बदलायचं. जे नाहीसं झालंय पण ज्याचा भक्कम पुरावा आहे, ते पुन्हा करता येतं. आणि जिथे पुरावाच नाही तिथे साधं, आजचं, पण मापात आणि मालात शेजाराला धरून असलेलं नवं काम करायचं. १९६४च्या व्हेनिस सनदेत हे स्पष्ट आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. अमेरिकेत नॅशनल पार्क सर्व्हिसची जुन्या दुकानांच्या दर्शनी भागांसाठी जी मार्गदर्शक सूत्रं आहेत, तीही हेच सांगतात, आणि त्यांच्यात एक मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित राहतो. नंतर झालेला बदलही कधीकधी स्वतःच्या जोरावर जपण्याजोगा होतो. तुमच्या वरच्या मजल्याला पन्नासच्या दशकातला सिमेंटचा सज्जा असेल, त्यावर उठावाच्या अक्षरांत नाव आणि साल असेल, तर ते ‘मूळ नाही’ म्हणून फोडू नका. आजोबांच्या दुकानाचा तोही इतिहास आहे. एसीपी शीटला मात्र हा न्याय लावता येणार नाही.

त्यामुळे फायबरच्या महिरपी नकोत. मला हे ठामपणे सांगायचंय, कारण असे नकाशे मी वारंवार बघतो. तुम्ही पाठवलेल्या चित्रातली जाळी मकबऱ्यावरून उचललेली दिसते आणि महिरप एखाद्या पेशवाई वाड्यावरून. बीबी का मकबरा सतराव्या शतकातली राजघराण्याची कबर आहे. तिची जाळी विसाव्या शतकातल्या कापडाच्या दुकानाला लावली तर बघणाऱ्याची फसवणूक होते, आणि तुमच्या स्वतःच्या कमानीचा आकार, जो बहुधा साधा आणि देखणा असेल, तो कायमचा झाकला जातो. शिवाय उन्हात फायबरचा रंग उडतो आणि ते तडकतं. आठ-दहा वर्षांनी तुम्ही पुन्हा मला हाच प्रश्न विचाराल.

खांबांचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. कमानीवरचा भार नुसता खाली उतरत नाही, तो बाजूलाही रेटतो. ओळीतल्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून सारख्या रेटतात, म्हणून खांब सरळ उभा राहतो. शेवटच्या कमानीला पलीकडून रेटा नसतो, म्हणून जुने गवंडी टोकाचा खांब जाड करत किंवा तिथे भिंत आणून भिडवत. पाच कमानी म्हणजे एकच रचना आहे. मालक दोन आहेत, एवढंच. तुम्ही मधले दोन खांब काढून गर्डर टाकला तर गर्डर वरचं वजन तोलेल, पण शेजाऱ्यांची कमान तुमच्या बाजूला जो रेटा देते त्याला उत्तर द्यायला काही उरणार नाही. सामाईक खांब तुमच्याकडे सरकू लागेल आणि पहिली भेग त्यांच्या कमानीच्या माथ्यावर पडेल. तुमच्या दुकानात काहीच दिसणार नाही, म्हणून तुम्हाला वाटेल काम छान झालं.

आणि वर काय आहे? माळवद असेल तर एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन भरतं. गळतं म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकायची आपल्याकडची सवय बघता कित्येक ठिकाणी ती दोन फुटांवर गेलेली असते. पावसात भिजली की आणखी जड. एवढं ओझं डोक्यावर आणि खाली तिन्ही कमानींएवढी मोकळी पोकळी. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यातला माणूस विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरची जड माळवदं माणसांवर कोसळली. त्यातून शिकायचं ते हे की वरचं ओझं कमी करा आणि खालचे आधार एकमेकांना बांधून ठेवा. आधार काढू नका. तिसऱ्या श्रेणीत आतल्या आणि बाहेरच्या बदलांना बरीच मोकळीक असते, हे खरं. पण समितीने उद्या होकार दिला तरी मी हे दोन खांब काढू देणार नाही.

आता तुमची गरज. तुम्हाला माल रस्त्यावरून दिसायला हवा, आत उजेड हवा, गिऱ्हाईक सहज आत यायला हवं. तिन्ही गोष्टी कमानी ठेवून होतात. प्रत्येक कमान समजा सहा फुटांची असेल तर तिन्ही मिळून अठरा फूट काच तुम्हाला आजच मिळते. काच कमानीच्या तोंडावर बसवू नका, खांबाच्या बाहेरच्या कडेपासून दीड-दोन फूट आत घ्या. त्यामुळे कमान पूर्ण दिसते, खांबांची जाडी दिसते आणि उंबऱ्यापाशी सावली तयार होते. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात रस्त्याला चिकटलेली काच म्हणजे तापलेला तवा. आतली हिमरू शाल आणि पैठणी दोन महिन्यांत फिकी पडेल आणि एसी चालवून चालवून बिल वाढेल ते वेगळंच. चौकट सागवानाची किंवा सडपातळ लोखंडी घ्या, आणि ती जमिनीला, छताला धरून उभी करा. कमानीच्या दगडात, विटेत भोकं पाडू नका. कुठे अगदी टेकवावीच लागली तर सांध्यातल्या चुन्यात, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने. उद्या तुमच्या मुलीला दुसरं काही करावंसं वाटलं तर दोन दिवसांत ती चौकट निघाली पाहिजे आणि मागे कमान जशीच्या तशी उरली पाहिजे.

शटरही त्याच रेषेत, काचेच्या मागे. त्याची पेटी कमानीच्या बाहेर माथ्यावर लटकवलेली दिसते तशी नको, आत छताखाली घ्या. नळीचं, आरपार दिसणारं शटर घेतलं तर रात्री दुकान बंद असतानाही माल दिसतो. फळ्यांच्या खाचा सापडल्या तर त्या बुजवू नका. फळ्या पुन्हा वापरायच्या की नाही हा तुमचा निर्णय, खाच मात्र राहू द्या.

ओट्यावर ग्रॅनाइट नको. बहुतेक जुन्या ओट्यांवर काळा दगड किंवा शहाबादी फरशी असते. वर टाइल चिकटवलेली असेल तर ती काढून खालचं बघा. व्हीलचेअरसाठी उतार लागेल तो सुटा, उचलून ठेवता येईल असा करा.

पाटीबद्दल. महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर दुकान लहान असो वा मोठं, पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्यापेक्षा मोठी असून चालत नाहीत. हा नियम जुन्या इमारतीला उलट सोयीचा आहे. एकच ओळ, कमानींच्या माथ्यावर आणि सज्जाच्या खाली जी मोकळी पट्टी असते तिच्यात मावेल एवढी. रंगवलेली लाकडी किंवा सुट्या धातूच्या अक्षरांची. आतून दिवे लागणारा प्लास्टिकचा डबा नको. वरून दोन लहान दिव्यांचा उजेड टाकला की पुरतं. तुमच्या बाजारात अजूनही हाताने अक्षरं रंगवणारे पेंटर असतील तर त्यांनाच काम द्या.

चुन्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानाच्या विटेच्या खांबांना मी सिमेंटचा गिलावा होऊ दिला. मालकाला दिवाळीच्या आत काम हवं होतं, गुत्तेदार म्हणाला चुना वाळायला वेळ लागतो, आणि मी मान हलवली. तीन पावसाळ्यांनी खांबाच्या खालच्या दोन फुटांत गिलाव्याला फुगवटा आला. फोडून बघितलं तर आतली वीट बोटाने भुगा होत होती. जमिनीतली ओल खांबात चढते आणि चुन्यातून बाहेर पडत राहते. सिमेंटने तो रस्ता बंद होतो, ओल आतच कोंडते, तिच्यातले क्षार विटेला आतून फोडतात. त्या खांबाच्या अर्ध्या विटा बदलाव्या लागल्या. चुनाच लावला असता तर त्यांतली एकही गेली नसती.

तेव्हा सिमेंट दिसेल तिथे हलक्या हाताने काढा, आणि चुना-वाळूचा गिलावा करा. भिजवून मुरवलेला चुना एक भाग, स्वच्छ वाळू तीन भाग हे साधारण प्रमाण. पण तुमच्या खांबावरचा जुना तुकडा तपासूनच नक्की करा, त्यात सुर्खी (विटेची पूड) असेल तर नव्यातही हवी. बेलफळ, गूळ, हिरड्याचं पाणी याबद्दल प्रत्येक गवंड्याचं स्वतःचं गणित असतं. ज्याने दहा कामं केली आहेत त्याच्या गणितावर विश्वास ठेवा, ज्याने फक्त व्हिडिओ बघितलाय त्याच्या नाही. थर पातळ, एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि त्यासाठी त्याला काही आठवडे ओलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो थर संध्याकाळपर्यंत पापड होतो. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. वरून चुन्याचा किंवा श्वास घेऊ देणारा रंग. ऑइलपेंट, प्लास्टिक पेंट नाही. दगडावरचा जुना ऑइलपेंट काढायला कुणी सँडब्लास्टिंग सुचवलं तर सरळ नाही म्हणा, दगडाची वरची कातडी निघून जाते.

लाकडाचं थोडक्यात. सज्जाखालचे घोडे (तिरके लाकडी आधार) किंवा आतले लाकडी खांब काळे पडले म्हणून ‘सगळं सडलं’ असं म्हणणारा सुतार बदला. दाभण टोचून बघा. बहुतेक वेळा तळखड्यालगतचं, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळचं, फूटभर लाकूड गेलेलं असतं, वरचं सागवान ठोकलं तर आजही खणखणीत वाजतं. गेलेलं कापून, तिरका जोड देऊन, जुन्या सागवानाचा तुकडा बसवा. जुना रंग जाळून किंवा कोरडा घासून काढू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा, कामगारांना मास्क द्या.

समितीपुढे पुन्हा जाताना फक्त तुमच्या दुकानाचं चित्र नेऊ नका. पाचही कमानींचं आणि दोन्हीकडच्या एकेका इमारतीचं एकत्र मोजमाप करून चित्र काढा. ओट्याची, कमानीच्या माथ्याची, सज्जाची रेषा कुठून कुठे जाते ते त्यात दिसतं. लातूरच्या गंजगोलाईत हे डोळ्यांना लगेच कळतं. फैयाजुद्दीन यांनी आखलेली, १९१७ साली उभी राहिलेली ती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. त्या गोलातलं एक दुकान हातभर पुढे आलं तरी नजर तिथेच अडकते. सरळ ओळीतही तेच होतं, फक्त उशिरा लक्षात येतं. चित्रासोबत शीट उतरवतानाचे फोटो, खरेदीखतातली ती ओळ आणि चुन्याचा हातभर नमुना घेऊन जा. माझा अनुभव असा की समितीत बसलेले लोक अडवायला बसलेले नसतात. त्यांना पुरावा दिला की चर्चा वेगळ्या सुरात होते.

दोन गोष्टी आणखी तपासा. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर अंतर मोजून घ्या. त्याच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते; त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागतेच. ती महापालिकेच्या परवानगीपेक्षा वेगळी असते. दुसरं, हे तुम्हाला नाही पण वाचणाऱ्या बऱ्याच जणांना लागू आहे: दुकान भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. तिच्याशिवाय पक्कं बांधकाम केलं तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली तेच जागा खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं.

काम तीन टप्प्यांत करा, एकेक कमान. दोन कमानींतून विक्री चालू राहील, लगीनसराईचं गिऱ्हाईक जाणार नाही. आणि पहिली कमान शेजाऱ्यांना लागून असलेली निवडा. सामाईक खांब त्यामुळे आधी उघडा होईल, त्याची तब्येत दोघांनाही कळेल, आणि त्यांच्या दोन कमानींवर जे शीट किंवा रंग असेल त्याबद्दल बोलायला तुम्हाला ओट्यावर उभं राहून दाखवता येण्यासारखं काहीतरी हाताशी असेल. उघडल्यावरचे फोटो मला पाठवा. खाच कुठे आहे ते नीट दिसेल असे, बाजूला मोजपट्टी ठेवून.